ताप कालपासून

मी पुण्यात जे शिकते त्याचं नाव आमच्या तोंडवली गावात कुणालाच धड घेता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. एम.बी.ए., हेल्थकेअर डेटा अ‍ॅनालिटिक्स अँड मॅनेजमेंट. पहिल्याच सुट्टीत भाईंनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी, चौकशी केली.

"म्हणजे डॉक्टर होतलंस?"

"नाय."

"नर्स?"

"नाय."

"मगे पेशंटाक काय करतलंस?"

"पेशंटाक काय नाय. पेशंटांच्या कागदांका."

"म्हणजे कारकून," असं म्हणून भाई पुन्हा भात कालवायला लागले. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

शेवटच्या सत्रात प्रबंध असतो. त्यासाठी मी आमच्याच बाजूचं एक ग्रामीण रुग्णालय निवडलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण नाव लिहिलं की कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या बाई रागावतात. विषय होता पावसातल्या तापाचा. लावणीच्या दिवसांत माणसं आठ-आठ तास चिखलात उभी असतात, त्या पाण्यात उंदराचं मूत असतं, पायाला कुठे कापलेलं असतं, आणि मग लेप्टो होतो. वेळेत औषध मिळालं तर माणूस उठून परत लावणीला जातो. नाही मिळालं तर मूत्रपिंडं बंद पडतात. पेशंट किती दिवस अंगावर काढून दवाखान्यात येतो, एवढंच मला शोधायचं होतं.

माझे बाबा याच तापानं गेले, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत. विषय मंजूर करून घेताना हे मी सारिका मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

बाबा गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. हे मी काही मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. भूक लागते, जेवते. बांगड्याचं तिखलं पानात आलं की चव कळते. सिनेमात लोक हसतात तिथे हसते. पण ते सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं ऐकू येतं. आई म्हणते मी शहाणी झाले. मैत्रिणी म्हणतात स्ट्राँग झाले. मी सगळ्यांनाच बरं म्हणते.

तर जूनमध्ये मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसले. रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे तीन पावसाळ्यांचे केसपेपर गोणपाटात बांधून ठेवलेले होते. प्रत्येकावर वय, काम, लक्षणं आणि ताप किती दिवसांपासून ते लिहिलेलं. मी एकेक कागद लॅपटॉपवर उतरवत गेले. चारशे बारा ओळी झाल्या. आणि तापाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत काय? एक, एक, एक, दोन, एक, एक.

मला यात नवल वाटायचं काहीच कारण नव्हतं. आमच्याकडे दवाखान्याच्या खिडकीवर कुणीही तापाचा दुसरा दिवस सांगत नाही. सिस्टर विचारते, "ताप कधीपासून?" आणि माणूस म्हणतो, "कालपासून." चार दिवस घोंगडीत कुडकुडत काढले असले तरी कालपासूनच. त्याला कारण आहे. तीन दिवस सांगितले की डॉक्टर रक्त काढतात, खाट देतात, सलाइन लावतात, आणि जरा वाटलं तर गोव्याला पाठवतात. लावणी अर्ध्यावर टाकून गोव्याला कोण जाईल? शिवाय सिस्टर सगळ्यांसमोर ओरडते ते वेगळंच. म्हणून तोंडवलीतल्या पोराला पाढे यायच्या आधी कालपासून म्हणायला येतं.

पण मॅडमना हे असं सांगून चालत नाही. त्या फोनवर म्हणाल्या, "तेजस्वी, तुला वाटतं, हे पुरेसं नाही. दुसरा स्रोत आण. आणि चूक आहे तर ती कुणाची, लिहिणाऱ्याची की सांगणाऱ्याची, ते दाखव."

दुसरा स्रोत होता. गावागावातल्या आशाताई पावसात घरोघर फिरून ताप विचारतात, तारीख घालून वहीत लिहितात. त्यांच्यापुढे कुणी खोटं बोलत नाही, कारण त्या रक्त काढत नाहीत आणि आमच्या गावच्या रुक्मिणीताईंसारखी आशा दारातून आत बघितल्याशिवाय जात नाही. मी सात गावांच्या वह्या मिळवल्या. नावं जुळवली. एकशे अडतीस माणसं दोन्हीकडे सापडली. त्यातल्या एकशे नऊ जणांचा ताप घरच्या वहीत जास्त दिवसांचा होता. सरासरी फरक दोन दिवसांचा, थोडा वरच.

मग मी डॉक्टरांप्रमाणे वेगळं करून बघितलं. तीन पावसाळ्यांत पाच डॉक्टर होऊन गेले होते, सगळे बॉण्डवरचे, म्हणजे शिकून झाल्यावर सक्तीची सरकारी नोकरी करणारे, एकेक वर्षाचे पाहुणे. एखादा निष्काळजी असता, मनाला येईल ते लिहीत असता, तर त्याचा आकडा वेगळा दिसला असता. पाचही जणांचा फरक तेवढाच होता. डॉक्टर बदलले, अक्षर बदललं, पेनाची शाई बदलली, दोन दिवस काही हलले नाहीत. म्हणजे लिहिणारे जे ऐकत होते तेच लिहीत होते. खोटं खिडकीच्या बाहेरून येत होतं.

हे मला दुपारी तीनच्या सुमारास दिसलं. दोनशे सातवी ओळ तेव्हा पडद्यावरच होती. पुरुष, चोपन्न, शेतकरी, ताप एक दिवस. नावाच्या जागी आम्ही नुसता नंबर घालतो, पण मला नावाची गरज नव्हती. घरच्या वहीप्रमाणे ताप चार दिवस. लिहिणारे डॉक्टर क्रमांक तीन. सांगणारी मी.

बाबांना सोमवारी ताप आला. गुरुवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं. खालच्या दोन कुणग्यांची, शेताच्या तुकड्यांची, लावणी व्हायची होती, तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून बांधावर पडला होता, तो सुकला असता. गेटपाशी उतरताना बाबा म्हणाले, "कालपासून म्हणान सांग गो. नायतर ठेवन घेतीत." मी तेव्हा बी.एस्सी. झाले होते, पुण्याचा प्रवेश झाला होता. लेप्टो काय असतो मला माहीत होतं. तरी मी आत जाऊन कालपासून म्हटलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन दिवसांत उतरला नाही तर या म्हणाले. शनिवारी बाबांचे डोळे पिवळे झाले, लघवी थांबली. रुग्णवाहिका गोव्याकडे निघाली. गोव्याच्या हद्दीजवळचा इन्सुलीचा नाका आला तेव्हा बाबा नव्हते, पण ड्रायव्हरनं गाडी पुढे पाच मिनिटं तशीच नेली, कारण मी काही बोललेच नाही.

इथवर झालं असतं तर ती आमच्या घरातली गोष्ट राहिली असती. तिसऱ्या दिवशी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, वीसेक माणसं बसली होती. भाईंचा आवाज चढलेला होता. चार दिवसांचा ताप, आणि डॉक्टरानं नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवला, असं त्यांचं म्हणणं. कुणीतरी म्हणालं, कागदावर तर एक दिवस लिहिलाय. भाई माझ्याकडे वळले. "तेजू, तू खिडकीर किती दिवस सांगलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चार."

तक्रार भाईंनी लिहिली, सही माझी. नातेवाइकांनी चार दिवस सांगूनही डॉक्टरांनी एक दिवस अशी खोटी नोंद केली, असं त्यात आहे. डॉक्टरांचं नाव विनीत. ते विदर्भातले होते, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे असतील. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मी पुण्याला गेले आणि दवाखान्यांचा डेटा स्वच्छ कसा ठेवावा ते शिकायला लागले. यातला विनोद मला कळतो. हसू मात्र येत नाही.

प्रबंधाच्या नियमाप्रमाणे नोंदी लिहिणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पाचही डॉक्टरांचे नंबर किशोरी सिस्टरकडे होते. त्या खिडकीवर गेली अठरा वर्षं आहेत. मला त्यांनी ओळखलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही. नंबर लिहून देताना तिसऱ्या नावापाशी त्यांचं पेन थांबलं.

"यांना करणार फोन?"

"पाचही जणांना करायचाय."

"बघा उचलला तर. त्यांचा बॉण्ड पूर्ण झाल्याचा दाखला अजून अडकलाय. चौकशी मिटल्याशिवाय मिळणार नाही. त्यांना मेडिसिनला पुढे शिकायचं होतं. दोनदा सीट मिळाली, दोनदा गेली." मग त्यांनी नंबर पुरा लिहिला. "मी त्या दिवशी सुट्टीवर होते. नसते तर मी सांगितलं असतं काय ऐकलं ते."

सिस्टरना सगळं माहीत होतं.

मी घरी आले. आई पडवीत बसून सुके बांगडे निवडत होती. मी चप्पलही काढली नव्हती, उभ्या उभ्याच सांगितलं. खिडकीवर मी काल म्हटलं होतं, चार नाही. डॉक्टरचा दाखला अडकलाय. मी जाऊन लिहून देणार आहे. मला वाटलं होतं आईच्या हातातलं सूप पडेल. ती निवडत राहिली.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली.

"काय?"

"तू काल म्हणान सांगलंस ता. तेंनीच सांगल्यानी माका, घराक इल्यार. चेडवान कसा झकास सांगल्यान, डॉक्टरान सुयेक हात लावक नाय, म्हणान. बरे खुशीत होते."

आपल्या चेडवावर, म्हणजे माझ्यावर, बाबा खुशीत होते. मी हे दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. आई पुढे म्हणाली, "खळ्यात तू चार म्हटलंस तेव्हा पण माका म्हायत होता. काय बोललंय मी तुका?"

"मगे आता काय करू?"

"काय करूचा नाय. तो डॉक्टर खंय मेलो? तुझो बापूस मेलो." हे ती रागानं म्हणाली नाही. बाजारात आज मासे नव्हते, अशा सुरात म्हणाली. आमच्या घरात सगळे त्याच सुरात बोलतात आता.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच कंटाळा आला. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. तसं पाहिलं तर मला काहीच करावं लागणार नव्हतं. प्रबंधात सत्य होतंच, नावाशिवाय. सांगणाऱ्यांकडून दिवस कमी सांगितले जातात, असं एक वाक्य, त्याखाली एक तक्ता. मॅडम खूश झाल्या असत्या. कुणीही दोनशे सातव्या ओळीपर्यंत आलं नसतं. पण ती ओळ जेवढी माझी होती तेवढीच त्या डॉक्टरची होती, आणि माझा दाखला कुणी अडवलेला नव्हता. मला दिवाळीनंतर पदवी मिळणार, फोटो काढणार, भाई तो स्टेटसला ठेवणार.

सकाळी मी निघाले तेव्हा आईनं डबा आणून हातात दिला. मी कुठे निघाले ते मी सांगितलं नव्हतं.

"भाईक तू काय सांगू नको," ती म्हणाली. "तो मेल्यासारखो आरडतलो. तेका मी सांगतंय."

चौकशी जिथे अडकली होती त्या ऑफिसात एका साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला. अर्ज मी शुद्ध मराठीत लिहिला होता. दिनांक अमुक रोजी मी स्वतः डॉक्टरांना ताप एक दिवसाचा असल्याचे सांगितले. त्यांनी केलेली नोंद माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. नंतरच्या तक्रारीत मी चार दिवस सांगितल्याचे लिहिले ते खोटे आहे.

"हे तुम्हाला आत्ता का आठवलं?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हाही आठवत होतं."

"मग तेव्हा खोटं का लिहिलंत?"

"सगळे माझ्याकडे बघत होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. यावर काही होऊ शकतं, तुमच्यावर कारवाईही होऊ शकते, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी पोच दिली, शिक्का मारला. सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. बाहेर रिक्षा स्टँडच्या पत्र्याखाली उभं राहून मी डबा उघडला आणि घावणे खाल्ले. चटणी बरी झाली होती.

मग तिथूनच डॉक्टर विनीत यांना फोन केला. त्यांनी उचलला. मी माझं नाव, गाव, बाबांचं नाव सांगितलं. मी पोच वाचून दाखवली, आवक क्रमांकासकट.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "याची एक प्रत मला पाठवा."

"आजच पाठवते. सर, मी माफी मागायला फोन केलाय. आणि..." पुढचं वाक्य जिभेवर यायला लाजत होतं, पण आणलं. "मी हेल्थकेअर डेटाचा अभ्यास करते. पाचही डॉक्टरांना काही प्रश्न विचारायचे होते. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

ते किंचित हसले असावेत. "विचारा. मलाही कधीतरी कुणीतरी विचारायला हवंच होतं."

मी बॅगेतून फॉर्म काढला, गुडघ्यावर धरला. नातेवाईक तापाचे दिवस कमी सांगतात असा तुमचा अनुभव आहे का? होय. साधारण किती?

"दोन," ते म्हणाले. "मला तिथे तीन आठवड्यांत कळलं. कागदावर तुम्ही लोक सांगाल तेच लिहायचं, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की डॉक्टरनं मनचं लिहिलं. पण डोक्यात दोन मिळवायचे. एक सांगितला की तीन धरायचे, रक्त काढायचं, खाट द्यायची. शिव्या खायच्या. मी सगळ्यांना मिळवायचो."

दीड वर्ष शिकून, चारशे बारा ओळी भरून, सात गावांच्या वह्या जुळवून मी जिथे पोचले होते तिथे हा माणूस तीन आठवड्यांत पोचला होता. मी लिहून घेतलं. दोन दिवस मिळवतात. होय. सर्व रुग्णांसाठी. होय.

"सर्व रुग्णांसाठी असंच राहू दे ना?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "एक सोडून."

मी फॉर्मवरचं 'सर्व' खोडलं.

"तुम्ही खिडकीवर सांगून मग माझ्या टेबलापाशी आलात. बाकी सगळे मालवणीत बोलायचे, मला अर्धं कळायचं नाही. तुम्ही म्हणालात, डॉक्टर, यांना कालपासून ताप आहे, सकाळी एकशे दोन होता, पॅरासिटॅमॉल दोनदा दिली आहे, उलटी नाही. इतकं नीट मला तिथे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ही शिकलेली आहे, हिच्यात काही मिळवायला नको."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. फोन त्यांनीच ठेवला असेल.

घरी येऊन मी त्यांना प्रत पाठवली. मग लॅपटॉप उघडून चारशे बारा ओळींच्या शेजारी एक नवा रकाना केला, सांगितलेले दिवस अधिक दोन. रकाना आपोआप खालपर्यंत भरत गेला. दोनशे सातव्या ओळीत तीन आले. तीन दिवस म्हटले की रक्त काढतात.

आई पडवीतून म्हणाली, "गो तेजू, चाय घेतंस?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बोलता येईना. किती वेळ झाला कुणास ठाऊक, ती आत आली तेव्हा मी अजून रडतच होते.